दुःखाचं दुकान

आमच्या कट्ट्याच्या बाजारात लग्नाची साडी मिळते, बारशाचं झबलं मिळतं, गणपतीच्या माटवीला टांगायची रानफळं मिळतात. पण ‘येथे मर्तिकाचे सामान मिळेल’ अशी पाटी मी उभ्या जन्मात पाहिलेली नाही. याचा अर्थ कट्ट्यात कोणी मरत नाही असा नव्हे. सामान मिळतं, पण ते कोणी मोठ्यानं मागत नाही. पांढरं कापड, सुंभ, मडकं, अबीर, कापूर. बांबू तर विकतही घ्यावा लागत नाही. ज्याच्या परड्यात बेट असेल तो न बोलावता कोयता घेऊन हजर होतो. एरवी नारळामागं चार आण्यांसाठी अर्धा तास भांडणारा आमचा मालवणी माणूस या खरेदीत मुकाट सांगितले ते पैसे मोजतो. आणि ‘परत येवा हां’ म्हणणारा दुकानदार त्या दिवशी तेवढं म्हणत नाही.

त्यामुळं लंडनच्या जे साहेबांच्या दुकानाबद्दल वाचलं तेव्हा मी उडालोच. या गृहस्थांनी १८४१ साली रीजंट स्ट्रीटवर ‘लंडन जनरल मोर्निंग वेअरहाऊस’ काढलं. हे मोर्निंग सकाळचं नव्हे, सुतकाचं! दुखवट्याचे झगे, टोप्या, हातमोजे, सगळं एका छपराखाली. पत्र किंवा तार गेली की यांच्या शिंपिणी दुकानाच्या खर्चानं गावोगाव जात आणि घरी येऊन मापं घेत. नवऱ्यासाठी दोन वर्षांच्या वर, आईबापांसाठी वर्षभर, असं वेळापत्रक ठरलेलं. आधी चमक नसलेलं काळं क्रेप आणि शेवटीशेवटी करडा किंवा फिका जांभळा. म्हणजे दुःख फिकं पडेल तसं गिऱ्हाईक पुन्हा दुकानात. त्यात क्रेप पावसात भिजलं की त्याचा रंग जाई. शिवाय सुतक संपल्यावर ते घरात ठेवणं अशुभ, अशी समजूत! ती कोणी पसरवली ठाऊक नाही, पण दुकानदारांनी तिला विरोध केला नसावा. या क्रेपवर कोर्टोल्ड कुटुंब गबर झालं, आणि व्हिटबी गावानं काळ्या जेटचे दागिने घडवून पोट भरलं.

१८६१ च्या डिसेंबरात राणी व्हिक्टोरियाचे यजमान प्रिन्स आल्बर्ट वारले. बाईंनी काळं घातलं ते १९०१ मध्ये स्वतः जाईपर्यंत उतरवलं नाही. राणीच असं वागल्यावर प्रजा काय करणार? दुकानदारांना सुगीच.

पण आपण फार हसायला नको. विलायतेतल्या सामान्य विधवेला दोन-अडीच वर्षांनी काळ्यातून सुटका तरी होती. त्याच काळात आमच्या ब्राह्मण घरांतली सोवळी बाई डोक्यावरचे केस देऊन जन्मभर तांबडं आलवण नेसत होती. त्यासाठी कुठल्या जे साहेबाच्या जाहिरातीची गरज पडली नाही. जाहिरातीचं काम शेजाऱ्यांच्या जिभा फुकट करत.

गंमत पुढंच आहे. चाळीस वर्षं काळ्यात काढलेल्या व्हिक्टोरियानं मरताना सांगून ठेवलं होतं, मला पांढऱ्यात पाठवा. पांढरा झगा आणि तोंडावर लग्नातला पदर, अशी ती गेली. म्हणजे शेवटी आमच्या कट्ट्याच्याच रंगावर आली!

तो रंग मी एकदाच जवळून पाहिला. बाबा गेले त्या रात्री मी बाजारात धावलो. दुकान बंद होतं. मागच्या दारावर थाप मारली, तर म्हातारा दुकानदार कंदील घेऊन आला. माझ्या तोंडाकडं पाहून त्यानं काहीच विचारलं नाही. ठाण काढलं आणि हातभर हातभर मोजू लागला. मला तर माप किती घ्यायचं हेही ठाऊक नव्हतं. त्याला होतं. तीस वर्षं बाबांच्या सदऱ्याचं कापड त्यानंच फाडून दिलं होतं.

मी खिशात हात घातला.

“पैशांचा मगे बघूया, झिला. आदी घराक जा.”

तेराव्यानंतर पैसे द्यायला गेलो. त्यानं ते न मोजता गल्ल्यात टाकले आणि म्हणाला, “उंच होतो हां तुझो बापूस. वीतभर जास्तच फाडलंय.”

त्या वीतभर कापडाचे पैसे त्यानं लावले नव्हते.