निरीश्वराची शपथ

माणसाच्या शब्दाला आधार कशाचा, हा प्रश्न न्यायसभेइतकाच जुना आहे. मराठी मुलखात गोतसभेपुढे वतनाचा तंटा उभा राहिला आणि कागदपत्र अपुरे पडले, म्हणजे साक्षीदाराच्या हाती बेलभंडार देत. कोणी तुळस उचली, कोणी गंगाजळ घेई. इतक्यानेही निर्णय लागला नाही, तर उकळत्या तेलातून धातूचा रवा काढण्याचे दिव्य करावे लागे. या साऱ्या विधींच्या मुळाशी समजूत एकच होती. माणूस माणसाला फसवील, पण देवाला फसवण्याची छाती त्याला होणार नाही. पुढे कंपनी सरकारने १८४० च्या पाचव्या कायद्यान्वये हिंदूंची गंगाजळाची व मुसलमानांची कुराणाची शपथ बंद केली आणि तिच्या जागी गंभीर प्रतिज्ञा आणली. तथापि ती प्रतिज्ञाही सर्वशक्तिमान परमेश्वरासमक्षच करावयाची होती. हातातले पाणी गेले, वरचा साक्षी कायम राहिला.

मग ज्याच्या लेखी वर कोणी साक्षीच नाही, त्याच्या शब्दाचे काय? युरोपात या प्रश्नाचे सर्वांत कठोर उत्तर एका उदारमतवाद्यानेच दिले, ही इतिहासाची गंमत म्हणावी लागेल. धार्मिक सहिष्णुतेवर १६८९ साली ज्याचे पत्र प्रसिद्ध झाले, त्या जॉन लॉकने नास्तिकांना मात्र सहिष्णुतेच्या मांडवाबाहेर ठेवले. वचन, करार आणि शपथ ही समाजाची बंधने होत, आणि जो ईश्वर नाकारतो त्याला ती बांधू शकत नाहीत, असे त्याचे म्हणणे. त्याच्या सात वर्षे आधी, १६८२ मध्ये, पिएर बेल या फ्रेंच पंडिताने एका धूमकेतूच्या निमित्ताने लिहिताना नेमके उलट मत मांडले होते. माणसे आपल्या तत्त्वांप्रमाणे क्वचितच वागतात; स्वभाव, सवय, लौकिकाची चाड आणि शिक्षेचे भय हीच त्यांना चालवतात; तेव्हा निव्वळ नास्तिकांचा समाजही इतरांसारखाच नांदू शकेल, असे तो म्हणाला. हा वाद दोनशे वर्षे ग्रंथांतून चालला. तो रक्तामांसाच्या एका माणसाभोवती येऊन थांबला, तो १८८० साली, ब्रिटिश पार्लमेंटच्या दारात.

त्या काळापर्यंत इंग्लंडातील न्यायालयांची स्थिती चमत्कारिक होती. देव व परलोक न मानणाऱ्याची साक्ष तेथे चालत नसे. १८६१ साली रॉचडेल येथील एका दाव्यात एका स्त्रीची साक्ष केवळ एवढ्याच कारणावरून नाकारण्यात आली आणि तिची बाजू पडली. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मधील आपल्या स्वातंत्र्यावरील निबंधात या नियमाचे वर्म आधीच उघडे केले होते. जो नास्तिक खोटे बोलण्यास तयार असेल तो शपथ घेऊन मोकळा होतो. ज्याला खोटे बोलवत नाही तोच तेवढा खोटा ठरतो. असत्याला दार उघडे आणि सत्याला बंद, असा हा पहारा होता. १८६९ व १८७० च्या कायद्यांनी न्यायालयापुरता तो उठला.

चार्ल्स ब्रॅडलॉ हा लंडनच्या हॉक्स्टन भागात २६ सप्टेंबर १८३३ रोजी एका वकिलाच्या कारकुनाच्या घरी जन्मला. मुलगा इतका भाविक की चर्चच्या रविवारच्या शाळेत तो शिकवूही लागला. बिशपांच्या भेटीपूर्वी अभ्यास करताना चर्चची एकोणचाळीस धर्मकलमे आणि चार शुभवर्तमाने यांचा त्याला मेळ बसेना, म्हणून त्याने धर्मगुरूंना पत्र लिहून खुलासा विचारला. खुलासा आला नाही. मुलगा नास्तिक झाल्याची तक्रार मात्र बापाकडे गेली आणि त्याला शाळेतून दूर करण्यात आले. अशा रीतीने नास्तिक होण्यापूर्वीच तो नास्तिक ठरला. सोळाव्या वर्षाच्या सुमारास घर सुटले. पोटासाठी तो पलटणीत शिरला, तीन वर्षे आयर्लंडात घोडदळात राहिला, परत येऊन वकिलाकडे कारकुनी करू लागला, आणि त्या कारकुनीत त्याने एवढा कायदा आत्मसात केला की पुढे मोठमोठे बॅरिस्टर त्याला वचकून असत. १८६६ मध्ये त्याने राष्ट्रीय सेक्युलर सोसायटी स्थापिली. १८७७ साली संततिनियमनावरील एक पुस्तिका पुन्हा छापल्याबद्दल त्याच्यावर व ॲनी बेझंट यांच्यावर खटला झाला. शिक्षा तांत्रिक मुद्द्यावर रद्द झाली, पण बेझंटबाईंची लहान मुलगी त्यांच्यापासून न्यायालयाने काढून घेतली. निरीश्वरवादी आई मुलीला वाढवण्यास अपात्र, असा तो न्याय होता.

त्याच्याविषयी एक कथा गावोगाव पसरली होती. भर सभेत खिशातले घड्याळ काढून, 'देव असेल तर त्याने मला पाच मिनिटांत ठार करावे,' असे त्याने आव्हान दिले, अशी ती कथा. ब्रॅडलॉने ती वारंवार खोटी ठरवली, सांगणाऱ्यांवर फिर्यादीही केल्या. कथा मेली नाही. देव न मानणारा माणूस उद्धट असलाच पाहिजे, ही लोकांची गरज होती असे दिसते.

नॉर्थॅम्प्टन हे जोडे शिवणाऱ्या कारागिरांचे गाव. त्याने १८८० च्या एप्रिलात ब्रॅडलॉला पार्लमेंटमध्ये निवडून दिले. ३ मे रोजी त्याने शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याची परवानगी मागितली. मागणी काही जगावेगळी नव्हती. १८२९ मध्ये कॅथलिकांसाठी, १८३३ मध्ये क्वेकरांसाठी, १८५८ मध्ये ज्यूंसाठी हे दार एकेक बोट उघडत आले होते. पण प्रत्येक वेळी आत येणारा कोणता ना कोणता देव बरोबर घेऊन येत होता. या वेळी तसे नव्हते. समितीने अध्यक्षांच्या निर्णायक मताने परवानगी नाकारली. तेव्हा ब्रॅडलॉ म्हणाला, शपथच घेतो. तिच्यातील धार्मिक शब्द माझ्या लेखी अर्थशून्य असले तरी वचन म्हणून ती मला पुरेपूर बांधील. सभागृहाने तेही नाकारले. लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल यांनी तर त्याची राजघराण्यावरील एक पुस्तिका जमिनीवर फेकून पायाखाली तुडवली. देवाचा कैवार घेतलेल्या त्या सभासदांपैकी पुष्कळांचा खरा रोख ग्लॅडस्टनच्या मंत्रिमंडळावर होता, हे त्या काळीही लपून राहिलेले नव्हते.

यानंतर साडेपाच वर्षे जे नाटक झाले त्याला त्या संस्थेच्या इतिहासात तोड नाही. २३ जून १८८० रोजी ब्रॅडलॉला पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यात कैदेत ठेवले आणि दुसऱ्या दिवशी सोडून दिले. मग स्वतःच्या जबाबदारीवर प्रतिज्ञा करून बसण्याची मुभा मिळाली. पुढे न्यायालयाने ती बेकायदा ठरवली, जागा रिकामी झाली, आणि बेकायदा दिलेल्या प्रत्येक मतामागे ५०० पौंड दंडाची टांगती तलवार आली. १८८१ मध्ये नॉर्थॅम्प्टनने त्याला पुन्हा निवडले. ३ ऑगस्ट १८८१ रोजी तो आत शिरू लागला, तेव्हा पोलिसांनी व शिपायांनी त्या धिप्पाड माणसाला जिन्यावरून अक्षरशः ओढीत, अंगावरचा कोट फाटेपर्यंत झोंबाझोंबी करून बाहेरच्या चौकात आणून टाकले. फेब्रुवारी १८८२ मध्ये त्याने खिशातून नवा करार काढला आणि सभागृहात स्वतःच स्वतःला शपथ देऊन टाकली. हकालपट्टी झाली. गावाने पुन्हा निवडून दिले, आणि १८८४ मध्ये आणखी एकदा.

या धामधुमीत एक भाषण मात्र वादाच्या वर उठले. सभासदांना प्रतिज्ञेची मोकळीक देणारे विधेयक मांडताना २६ एप्रिल १८८३ रोजी ग्लॅडस्टन बोलले. ते स्वतः कडवे धर्मनिष्ठ. ब्रॅडलॉची मते त्यांना अंतःकरणापासून अप्रिय. पण त्यांनी विरोधकांना विचारले, की तुम्ही येशू न मानणाऱ्यास आत घेता आणि केवळ 'कोणतातरी देव' मानला की पुरे म्हणता, तेव्हा धर्माचे रक्षण करता की अवमूल्यन? माणसाच्या सुखदुःखाशी ज्याचा काडीचा संबंध नाही अशा देवाचे वर्णन करणाऱ्या लुक्रेशियसच्या लॅटिन ओळी त्यांनी त्या सभेत म्हणून दाखवल्या. असा देव मानणारा चालतो, मग न मानणाऱ्याने काय घोडे मारले? भाषण अपूर्व झाले. विधेयक २८९ विरुद्ध २९२ मतांनी, म्हणजे अवघ्या तीन मतांनी, पडले.

शेवटी १३ जानेवारी १८८६ रोजी नव्या पार्लमेंटात सभापती पील यांनी कोणाचीही हरकत ऐकण्याचे साफ नाकारले आणि ब्रॅडलॉने इतरांसारखी शपथ घेतली. येथे एक अडचणीची गोष्ट टाळता येत नाही. ज्या शब्दांना अर्थ नाही असे आपण जाहीर सांगितले, तेच शब्द उच्चारणे प्रामाणिकपणाचे होते काय? त्याच्या पक्षातील काही विचारवंतांनाही हे रुचले नव्हते. पहिल्याच दिवशी मागितलेली प्रतिज्ञा ज्यांनी नाकारली त्यांनी त्याला या कोपऱ्यात ढकलले हे खरे. तरीही डाग पुरता जात नाही. १८८८ मध्ये त्याने स्वतः तयार केलेला शपथविषयक कायदा मंजूर करून घेतला आणि देव न मानणाऱ्यास कोठेही शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याचा हक्क मिळवून दिला. पुढच्या माणसावर तोच प्रसंग येऊ नये, एवढी भरपाई त्याच्या हातात होती आणि ती त्याने केली.

हिंदुस्थानचा संबंध येथून सुरू होतो. सभागृहात बसावयास मिळताच या माणसाने हिंदुस्थानच्या प्रश्नांना एवढे वाहून घेतले की हेन्री फॉसेट यांच्या पश्चात 'हिंदुस्थानचा प्रतिनिधी' हे बिरुद त्याच्याकडे चालत आले. १८८९ च्या अखेरीस, नुकत्याच झालेल्या जिवावरच्या दुखण्यातून उठून, तो मुंबईच्या काँग्रेसला आला. सर विल्यम वेडरबर्न अध्यक्ष होते, आणि योगायोग असा की त्या १८८९ सालच्या अधिवेशनास १८८९ च प्रतिनिधी जमले होते. त्या मंडपात संध्या करणारे होते, नमाज पढणारे होते, अग्नीला वंदन करणारे होते. त्यांनी देव न मानणाऱ्या पाहुण्याचा जयजयकार केला आणि त्याला मानपत्रांनी झाकून टाकले. तो काय मानत नाही, हे कोणी विचारले नाही. त्याच सुमारास पुण्यात 'सुधारक'कार आगरकर आपल्या अज्ञेयवादापायी लोकनिंदा सोशीत होते, हे लक्षात घेतले म्हणजे परक्या नास्तिकाचा गौरव घरच्यापेक्षा सोपा असतो हेही ध्यानात येते. परत गेल्यावर १८९० मध्ये ब्रॅडलॉने कायदेकौन्सिलांच्या सुधारणेचे विधेयक मांडले. ते पुढे गेले नाही. सरकारने १८९२ मध्ये आपला तोकडा कायदा केला.

तो पाहण्यास ब्रॅडलॉ नव्हता. २७ जानेवारी १८९१ रोजी पार्लमेंटने आपला १८८० चा ठराव नोंदवहीतून खोडून टाकला, तेव्हा तो बेशुद्धीच्या उंबरठ्यावर होता. ती वार्ता त्याच्यापर्यंत पोहोचली नाही. ३० जानेवारीस तो वारला. ब्रुकवुडच्या दफनभूमीत कोणताही विधी न करता त्याला पुरण्यात आले. त्या गर्दीत कायद्याचा अभ्यास करणारा एकवीस वर्षांचा एक काठेवाडी विद्यार्थी होता. मोहनदास गांधी यांनी आत्मकथेत नोंदवले आहे, की काही ख्रिस्ती धर्मगुरूही त्या अंत्ययात्रेस आले होते, आणि परतताना स्टेशनावर एका नास्तिकाने त्यांतील एकाला गाठून, तुमचा देव केवढा आणि कोठे, म्हणून छेडले. धर्मगुरूंनी शांतपणे उत्तर दिले, की तो आपणा दोघांच्याही हृदयात आहे.

चाळीस वर्षांनी, डिसेंबर १९३१ मध्ये, लोझान येथे बोलताना गांधींना ब्रॅडलॉची पुन्हा आठवण झाली. 'ईश्वर सत्य आहे' याऐवजी 'सत्य हाच ईश्वर' असे आपण का म्हणू लागलो, हे ते सांगत होते. ब्रॅडलॉ स्वतःला नास्तिक म्हणवीत असे, पण आपण त्याला ईश्वरभीरूच समजू, असा त्यांचा आशय होता. आणि सत्यालाच ईश्वर म्हटले की त्याची हरकतही उरणार नाही, असे त्यांना वाटे. हे औदार्य मोठे आहे. पण ज्याने 'नाही' म्हणण्याच्या हक्कासाठी कोट फाडून घेतला, त्याला त्याचे 'नाही' हे 'होय'च होते असे प्रेमाने सांगितलेले आवडले असते काय, याची शंका राहते. मुंबईचा मंडप या बाबतीत अधिक सरळ होता.

लाहोरात ब्रॅडलॉच्या नावाने सभागृह उभे राहिले. तेथेच पुढे राष्ट्रीय महाविद्यालय भरे, आणि त्या महाविद्यालयाचा विद्यार्थी भगतसिंग याने १९३० मध्ये तुरुंगात आपल्या नास्तिकपणाची कारणे लिहून ठेवली. स्वतंत्र भारताच्या घटनासमितीपुढेही तो जुना प्रश्न आलाच. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी उद्देशपत्रिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने करावा अशी ह. वि. कामत यांची सूचना ६८ विरुद्ध ४१ मतांनी फेटाळली गेली. तिसऱ्या परिशिष्टात मात्र शपथेचे दोन पर्याय शेजारी शेजारी छापले गेले, एक ईश्वरसाक्ष आणि एक गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञेचा, आणि निवड बोलणाऱ्यावर सोपवली गेली.

याच्या दीड वर्ष आधी वर्ध्याजवळ सेवाग्रामला एक लग्न झाले होते. आंध्रातील निरीश्वरवादी कार्यकर्ते गोरा यांचा गांधींशी काही वर्षे संवाद चालू होता. माझी आस्तिकता बरोबर आणि तुमची नास्तिकता चूक असे मी म्हणू शकत नाही, अशा अर्थाचे उद्गार गांधींनी त्यांच्यापाशी काढले होते. गोरांच्या मुलीचा विवाह अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील तरुणाशी ठरला, तेव्हा तो आश्रमात लावण्याचे गांधींनी मान्य केले. वधूपक्ष देव मानीत नाही, म्हणून विवाहप्रतिज्ञेतील ईश्वराच्या नावाच्या जागी सत्याचे नाव घालण्यासही त्यांनी संमती दिली. ३० जानेवारी १९४८ रोजी, ब्रॅडलॉच्या मृत्यूच्याच तारखेस, त्यांची हत्या झाली. लग्न त्या मार्चमध्ये सेवाग्रामला लागले, आणि वधूवरांनी प्रतिज्ञा सत्याच्या नावानेच केली.