भौतिकशास्त्रातील उदाहरणे सोडविण्याचे मार्गदर्शन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

भौतिकशास्त्राच्या अध्यापनाच्या इतिहासात सिद्धान्त, प्रयोगशाळा व पाठ्यपुस्तके यांची चर्चा होते. घरी दिलेले उदाहरण कसे सोडवावे, हे विद्यार्थ्याला कोणी शिकविले, हा प्रश्न मात्र बहुधा बाजूला राहतो.

एकोणिसाव्या शतकात केंब्रिजच्या गणितीय ट्रायपॉस परीक्षेत भौतिकीचा मोठा भाग असे. तिची खरी तयारी मात्र विद्यापीठाच्या व्याख्यानांतून नव्हे, तर शुल्क घेणाऱ्या खाजगी शिक्षकांकडे होई. त्यांत एडवर्ड राउथ अग्रगण्य होते. १८५४ साली ते पहिले आले, तेव्हा दुसरा क्रमांक जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांचा होता. राउथ यांच्या हाताखालून पुढे २७ सीनिअर रँग्लर निघाले. १८९९ मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी हा मान मिळविल्यापासून ‘रँग्लर’ हा शब्द मराठी घरांत पोहोचला. त्यामागील सरावाची व्यवस्था मात्र पोहोचली नाही.

विसाव्या शतकातील उदाहरण अधिक बोलके आहे. १९६१ ते १९६३ या काळात रिचर्ड फाइनमन यांनी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे प्रारंभिक भौतिकशास्त्राची व्याख्याने दिली. पहिल्या वर्षी वर्गात सुमारे १८० विद्यार्थी होते. त्या वर्षातील तीन व्याख्याने केवळ उदाहरणे सोडविण्याविषयी होती. वर्गातील निम्मे विद्यार्थी सरासरीखाली असणारच, हे उघडपणे मान्य करून फाइनमन त्यांच्याशी बोलत होते. पाठांतरावर त्यांचा विश्वास नव्हता. सूत्रे म्हणजे नकाशावरील बिंदू होत; एखादा बिंदू विसरला तरी ज्ञात बिंदूंवरून तो त्रिकोणनाने पुन्हा शोधता येतो, अशी त्यांची मांडणी होती. (मोजणीदाराला हे वेगळे सांगावे लागणार नाही.) दोन दांड्या, एक चाक आणि वर ठेवलेले वजन अशा साध्या यंत्राचे उदाहरण घेऊन, समीकरणाआधी प्रत्यक्ष काय घडते याचे चित्र मनात उभे करावे लागते, हे त्यांनी दाखवून दिले.

१९६३ साली व्याख्यानांचा पहिला खंड प्रसिद्ध झाला, त्यात ही तीन व्याख्याने नव्हती. प्रस्तावनेत फाइनमन यांनी तशी नोंद केली आहे. त्याच प्रस्तावनेत ते असेही कबूल करतात की, परीक्षेतील उदाहरणे बहुसंख्य विद्यार्थ्यांनी ज्या प्रकारे हाताळली ती पाहता ही पद्धती अयशस्वी वाटते. जवळजवळ सर्व काही समजलेले विद्यार्थी एक-दोन डझनच होते. ज्या उणिवेने त्यांना निराश केले तिच्यावरील त्यांचेच प्रयत्न ग्रंथाबाहेर राहिले, ही विसंगती आजवर फारशी लक्षात घेतली गेलेली नाही. सिद्धान्ताचे विवेचन ग्रंथात छापण्याजोगे, आणि अडलेल्या विद्यार्थ्याला दिलेला हात मात्र उजळणीपुरता, अशी ही विभागणी दिसते.

रॉबर्ट लेटन व रोकस व्होग्ट यांचा या अभ्यासक्रमासाठीचा उदाहरणसंग्रह १९६९ मध्ये निघाला. ती तीन व्याख्याने मात्र २००६ साली, फाइनमन यांच्या निधनानंतर १८ वर्षांनी, पुस्तकरूपाने वाचकांसमोर आली.