प्रतिमा पद्धती
(स्थिर विद्युत). बिंदुप्रभाराजवळ वाहक असताना विभव काढण्याची रीत. विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी ती १८४८ च्या सुमारास मांडली. वाहकावर प्रेरित झालेला प्रभार कसा पसरला आहे हे आधी माहीत नसते. खरी अडचण तीच. वाहक बाजूला ठेवून त्याच्या आतील भागात असा काल्पनिक प्रभार कल्पायचा, की मूळ पृष्ठभागावरील विभव हवा तोच येईल. सीमेवरील विभव जुळले की बाहेरचे उत्तर एकच असते, म्हणून ही युक्ती चालते. वाहकाच्या आत मात्र ते उत्तर लागू नाही. विद्यार्थी हमखास चुकतात ते इथेच.

भूसंपर्कित सपाट पत्र्यापासून ‘उ’ अंतरावरील प्रभाराची प्रतिमा पलीकडे तितक्याच अंतरावर, विरुद्ध चिन्हाची असते. प्रेरित प्रभारापैकी निम्मा ‘उ’च्या १.७३ पट त्रिज्येच्या वर्तुळात सापडतो. भूसंपर्कित गोलात प्रतिमा लहान होते : त्रिज्या भागिले केंद्रापासूनचे अंतर, इतक्या पट. गोल विलग व प्रभाररहित असल्यास केंद्रावर तेवढाच, पण मूळ प्रभाराच्या चिन्हाचा प्रभार वाढवावा लागतो.

जमीनही वाहकच. कृष्णाकाठी उंब्रजवर वळवाचा ढग आला आणि त्यात ५ किमी. उंचीवर २० कूलोम प्रभार एकवटला असे मानले, तर बरोबर खाली जमिनीलगत क्षेत्र मीटरला सुमारे १४,००० व्होल्ट येते. प्रतिमा विसरल्यास निम्मेच. कोयनेसारख्या प्रकल्पांच्या उच्चदाब वाहिन्यांची जमिनीसापेक्ष धारिताही याच रीतीने काढतात.