वारंगा फाटा, नांदेडचं विमान आणि पॉइंटांचा हिशेब

वारंगा फाट्यावर विमानाच्या पॉइंटांचं काय काम, असं कोणीही विचारेल. नांदेडकडून आलं की इथे रस्ता फुटतो. एक फाटा कळमनुरी-हिंगोलीवरून अकोल्याकडे जातो, दुसरा हदगाव-उमरखेडवरून यवतमाळ-नागपूरकडे. विमानतळ म्हणाल तर नांदेडचा, साधारण ४० किलोमीटरवर. पण या परिसरातल्या कितीतरी घरांतली पोरं आता पुण्यात, हैदराबादेत, बेंगळुरूत कॉम्प्युटरसमोर बसलेली असतात. (अस्मादिक त्यातलेच.) त्यांच्या पाकिटात क्रेडिट कार्ड असतं आणि कार्डावर पॉइंट साठत असतात. ते कुठे खर्चायचे हा प्रश्न मग फाट्यापर्यंत येतोच.

बहुतेक जण ते लंडन-सिंगापूरसाठी राखून ठेवतात. माझं म्हणणं उलट आहे: पॉइंट जवळच्या, पण महाग झालेल्या उड्डाणावर खर्चावेत, आणि लवकर खर्चावेत. असं का, हे समजायला थोडा इतिहास बघावा लागतो. या शनिवारी तोच बघू.

सुरुवात अमेरिकेत झाली. तिथे १९७८ पर्यंत विमानाचं भाडं सरकारी मंडळ ठरवायचं. भाडं सगळ्यांचं सारखंच, त्यामुळे कंपन्यांची स्पर्धा चालायची ती जेवण आणि सेवेवर. १९७८ च्या कायद्याने भाडी मोकळी झाली आणि कंपन्या एकमेकींची गिऱ्हाइकं पळवू लागल्या. आपलं गिऱ्हाईक धरून कसं ठेवायचं? १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने 'ॲडव्हान्टेज' नावाची योजना आणली. उडालेले मैल मोजायचे आणि ठराविक मैल झाले की तिकीट फुकट. काही दिवसांतच युनायटेडने आपली योजना काढली आणि मग सगळ्यांनीच तो कित्ता गिरवला.

आमच्या धंद्यातल्या माणसाला यातली खरी गंमत वेगळीच वाटते. अमेरिकन एअरलाइन्सकडे आयबीएमबरोबर उभारलेली 'सेबर' ही आरक्षणाची संगणक-प्रणाली १९६० च्या दशकापासून होती. नेहमी प्रवास करणारे कोण हे शोधायला त्यांनी सेबरमधल्या नोंदी चाळल्या आणि तेच ते फोन नंबर पुन्हा पुन्हा कुठे येतात ते पाहिलं. पहिले सभासद असे निघाले. म्हणजे ही योजना सुचली मार्केटिंगवाल्यांना, पण शक्य झाली ती डेटाबेसमुळे!

आता छोट्या उड्डाणांचं बघा. मैल मोजून पॉइंट द्यायचे म्हटल्यावर छोट्या उड्डाणावर मिळणार किती? नांदेड ते हैदराबाद हवाई अंतर जेमतेम १५० मैल. मुंबई ते लंडन साडेचार हजारांच्या आसपास. म्हणून बऱ्याच कंपन्या छोट्या उड्डाणाला किमान ५०० मैल धरून द्यायच्या. खर्च करतानाही छोट्या उड्डाणाची परवड व्हायची. अमेरिकेत कित्येक वर्षं देशांतर्गत जाण्यायेण्याच्या तिकिटाचा ठोक दर २५,००० मैल असायचा. दोनशे मैलांवर जा नाहीतर अडीच हजार मैलांवर, दर तोच. मग शहाणा माणूस लांबच जाणार की! 'पॉइंट लांबच्या प्रवासासाठी ठेवावेत' हा समज त्या काळातला आहे, आणि तेव्हा तो बरोबरही होता.

१९८७ मध्ये सिटीबँकेच्या कार्डावर अमेरिकन एअरलाइन्सचे मैल मिळू लागले. किराणा भरा, मैल घ्या. बँक ते मैल विमान कंपनीकडून रोख पैसे मोजून घेते, म्हणजे पॉइंट हा कंपनीचा विकायचा माल झाला. कंपनीने आपल्या घरी छापलेली नोटच म्हणा ना! नोट कितीही छापायची आणि तिची किंमत किती ठेवायची, दोन्ही अधिकार छापणाऱ्याकडे.

छोट्या उड्डाणांचे दिवस पालटले ते ठोक दराऐवजी अंतराप्रमाणे दर आल्यावर. सगळ्यात गाजलेलं उदाहरण ब्रिटिश एअरवेजचं. त्यांनी नोव्हेंबर २०११ मध्ये 'एव्हिओस' नावाचे पॉइंट आणले आणि ६५० मैलांच्या आतल्या थेट उड्डाणाला एका बाजूचे ४,५०० पॉइंट असा दर ठेवला. लोकांच्या लक्षात आलं की लंडनला जाण्यापेक्षा जवळच्या दोन गावांमध्ये उडण्यातच या पॉइंटांचा खरा भाव मिळतोय.

हे आपल्याकडच्या भाषेत सांगतो. एसटीचं भाडं टप्प्यावर असतं, सहा किलोमीटरचा एक टप्पा. हंगामी वाढ आणि सवलती सोडल्या तर तिकीट आठवडाभर आधी काढा की गाडी सुटताना काढा, टप्प्याचा दर तोच. हळदीचं तसं नाही. हिंगोली किंवा वसमतच्या बाजारात हळदीचा भाव आवक आणि मागणी बघून रोज हलतो. विमानाचं रोख भाडं हळदीसारखं असतं आणि पॉइंटांचा अंतरावर बांधलेला दर एसटीच्या टप्प्यासारखा. भाव चढलेला असताना टप्प्याच्या दराने माल मिळाला, तर फायदा तिथेच. सगळी मेख एवढीच आहे.

आकडेमोड अगदी सोपी आहे. रोख भाड्यातून, पॉइंट वापरूनही खिशातून भरावे लागणारे कर वजा करा आणि लागणाऱ्या पॉइंटांनी भागा. समजा (आकडे फक्त उदाहरणाचे) एका छोट्या उड्डाणाला ५,००० पॉइंट आणि ६०० रुपये कर लागतात. महिनाभर आधी तिकीट ३,००० रुपयांना असेल, तर एका पॉइंटचे झाले ४८ पैसे. तेच तिकीट आदल्या रात्री ११,००० झालं, तर एका पॉइंटचे २ रुपये ८ पैसे. विमान तेच, खुर्ची तीच, पॉइंटही तेवढेच, आणि किंमत चौपटीहून जास्त. लांबच्या उड्डाणांनाही हे गणित लागू आहे, पण तिथे पॉइंट लाखाच्या घरात लागतात आणि ते साठेपर्यंत वर्षं जातात.

वर्षं जाणं म्हणजे काय, ते आपल्या इतिहासात बघा. १९५३ मध्ये विमानसेवेचं राष्ट्रीयीकरण झालं आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षं देशात सरकारी विमानं सोडून पर्याय नव्हता, त्यामुळे गिऱ्हाईक धरून ठेवायची गरजच नव्हती. मे १९९३ मध्ये जेट एअरवेज उडायला लागली आणि त्या दशकात आपल्याकडेही मैल मोजणं सुरू झालं. २००५ मध्ये किंगफिशर आली, तिचा 'किंग क्लब' आला. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरचा परवाना निलंबित झाला आणि किंग क्लबचे मैल कागदावरच राहिले. १७ एप्रिल २०१९ ला जेट थांबली. जेटची पॉइंट योजना वेगळ्या कंपनीत असल्यामुळे ती टिकली आणि 'इंटरमाइल्स' झाली, पण ज्या विमानांसाठी लोकांनी मैल जमवले होते ती विमानंच उरली नव्हती. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जेटची मालमत्ता विकून कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला. अशा वेळी बँका, कर्मचारी, पुरवठादार अशी रांग लागते. पॉइंटवाल्याने त्या रांगेत उभं तरी कुठे राहायचं?

सगळेच शेवट असे वाईट नव्हते. २०१५ मध्ये सुरू झालेली विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा पॉइंटला पॉइंट मिळाला. पण त्याच वर्षी, एप्रिल २०२४ पासून, एअर इंडियाने पॉइंट मैलांऐवजी खर्च केलेल्या रुपयांवर द्यायला सुरुवात केली. जगभर वारं याच दिशेने वाहतंय. आधी कमाई रुपयांवर आली, आणि बऱ्याच कंपन्यांनी खर्चाचा दरही रोख भाड्याला बांधून टाकला. म्हणजे टप्पा गेला आणि पॉइंटांनासुद्धा हळदीचाच भाव लागला. तसं झालं की वरची सगळी आकडेमोड संपते. दर बांधलेला आहे तोपर्यंतच मजा.

आता पुन्हा नांदेडकडे येऊ. गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीला, म्हणजे २००८ मध्ये, तिथल्या विमानतळाचा कायापालट झाला. पुढे काही काळ किंगफिशरची विमानं तिथे येत. ती गेली आणि विमानतळ शांत झाला. मग 'उडान' योजना आली. २७ एप्रिल २०१७ ला सिमला-दिल्ली उड्डाणाने तिचा आरंभ झाला, आणि त्याच दिवशी ज्या मार्गांना हिरवा झेंडा मिळाला त्यांत नांदेड-हैदराबाद होता! विमान ट्रूजेटचं, एटीआर. साधारण तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपयांची मर्यादा, तीही विमानातल्या निम्म्या-अर्ध्या खुर्च्यांना.

अशा खुर्चीवर पॉइंट चालले असते, तर वरच्याच उदाहरणाने एका पॉइंटचे ३८ पैसे झाले असते. सरकारने भावच बांधला, तर टप्प्याचा फायदा कुठून मिळणार? तिथे सरळ रोख पैसे द्यावेत. पॉइंट बाहेर काढायचे ते मर्यादेबाहेरच्या खुर्चीवर, सणासुदीला, किंवा उद्याच निघायचं असेल तेव्हा.

ट्रूजेटही फेब्रुवारी २०२२ मध्ये थांबली. २०२४ मध्ये स्टार एअरने नांदेडहून उड्डाणं सुरू केली. एका छोट्या विमानतळावर सोळा वर्षांत इतकी आवकजावक. त्यामुळे आमच्या भागातल्या माणसाने एका कंपनीच्या पॉइंटांवर दहा वर्षांचे बेत रचू नयेत. बँकेच्या कार्डावरचे पॉइंट अनेक कंपन्यांकडे वळवता येत असतील, तर ते गरज पडेपर्यंत बँकेतच राहू द्यावेत. एकदा वळवले की सहसा परत येत नाहीत.

आणि ही गरज म्हणजे नेमकी कोणती? मुलगा बेंगळुरूत किंवा दिल्लीत, आईवडील कळमनुरी तालुक्यात. रात्री दहाला फोन येतो, वडिलांना नांदेडच्या दवाखान्यात हलवलंय. हैदराबादपर्यंतचं सकाळचं विमान त्या वेळी कितीला असतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना मी काय सांगणार! तिथून पुढे नांदेडचं विमान असो की रात्रीची गाडी, पहिल्या टप्प्याचं तिकीट पॉइंटांवर निघालं तर हातातले दहा हजार रुपये दवाखान्यात कामी येतात. सिंगापूरच्या सहलीत असा भाव कुठेच मिळत नाही.

म्हणून तेवढ्या एका तातडीच्या तिकिटापुरते पॉइंट खात्यात असू द्यावेत, ते कधी बाद होतात ती तारीख लिहून ठेवावी, आणि त्यावर साठतील ते त्याच वर्षी जवळच्या महाग उड्डाणावर उडवून टाकावेत. पॉइंटांना व्याज लागत नाही, मंडळी. भाव मात्र घटत जातो.

असो. तूर्तास इतकंच.