राजगडाचा वाडा पुन्हा बांधू नये

पासली-केळदपासून भोरपर्यंत आणि पुण्यातल्या दुर्गप्रेमी मंडळींतही एक मत आता जवळजवळ सर्वमान्य झालं आहे. राजगडावर वाडा म्हणावा असं काही उरलेलं नाही, नुसतं जोतं आहे. तेव्हा सरकारने तो होता तसा पुन्हा उभारावा. या मागणीमागची कळकळ खरी आहे. पाव शतकाहून अधिक काळ ही स्वराज्याची राजधानी होती. राजाराम महाराजांचा जन्म १६७० मध्ये इथलाच, सईबाईंची समाधीही पद्मावती माचीवरच. पण ही मागणी मान्य झाली, तर जे आज अस्सल उरलं आहे तेच आपण घालवून बसू.

‘होता तसा’ म्हणजे कसा? वाड्याचं समकालीन चित्र आपल्या हाती नाही, आराखडा नाही. मजले किती होते, चौक कसा होता, छपराचा उतार केवढा होता, हे ठामपणे सांगता येईल असा कागद कोणी पुढे केलेला नाही. जवळचा पुरावा मिळतो तो आज्ञापत्रात, आणि तोही नंतरचा, १७१५ च्या सुमाराचा. रामचंद्रपंत अमात्य तिथे स्पष्ट बजावतात की राजमंदिर सोडून गडावर मोठ्या इमारतीचं घर बांधू नये. राजमंदिराच्याही भिंती विटांच्या करून त्यांना दाट चुनेगच्ची करावी. उंदीर, विंचू, मुंगी शिरेल अशी फट ठेवू नये. यात नक्षीदार महिरपी कुठेच नाहीत. गडावरचं घर आटोपशीर, कोरडं आणि आगीला न भिणारं असावं, एवढीच ही दृष्टी. नव्या वाड्याची जी संकल्पचित्रं फिरतात, त्यांत पेशवाईतल्या पुण्याचे वाडे दिसतात. सतराव्या शतकातल्या डोंगरावर अठराव्या शतकातलं शहर नेऊन ठेवायचं, याला इतिहास कसं म्हणावं?

‘नुसतं जोतं’ हा शब्दप्रयोगही मला मान्य नाही. आपल्याकडच्या लाकडी बांधणीत जोतं हा इमारतीचा अर्धा हिशेब असतो. तळखडे जिथे जागेवर आहेत, तिथे दोन तळखड्यांमधलं अंतर म्हणजे एक खण. खण मोजले की तुळईची लांबी समजते, आणि तुळईवरून खोलीची रुंदी. पायरी कुठल्या बाजूला आहे यावरून दर्शनी अंग कळतं, पन्हळ कुठे वळते यावरून पागोळी कुठे पडत होती ते कळतं. दगडांखालच्या मातीत कौलांचे तुकडे, खिळे, भांड्यांची खापरं असू शकतात. त्यावर नवा भार पेलायचा तर पाया खणावा लागेल, बहुधा काँक्रीटही ओतावं लागेल. मग पुढच्या संशोधकाने वाचायचं काय?

पुनर्बांधणीचे समर्थक वॉर्सॉचा दाखला देतात. दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झालेलं ते जुनं शहर पुन्हा बांधलं गेलं आणि १९८० मध्ये जागतिक वारसा यादीतही आलं, हे खरंच आहे. पण पोलंडकडे युद्धापूर्वीच्या मोजण्या होत्या, बेलोत्तोने अठराव्या शतकात रंगवलेली रस्त्यांची बारीक चित्रं होती, आणि ते शहर जिवंत माणसांच्या आठवणीत होतं. राजगडाबाबत यातलं काहीच नाही.

मला जास्त जवळचा वाटतो तो जर्मनीतल्या हायडेलबर्गचा वाद. नेकार नदीच्या काठी, डोंगराच्या उतारावर तिथला राजवाडा उभा आहे. १६८९ आणि १६९३ मध्ये फ्रेंच फौजांनी तो उद्ध्वस्त केला. पुढे १७६४ मध्ये उरल्यासुरल्या भागावर वीज पडली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कार्ल शेफर या वास्तुविशारदाने त्यातली फ्रीडरिखची इमारत नव्याने सजवली आणि शेजारची ओटहाइनरिखची इमारतही छपरासकट पुरी करायची टूम निघाली. राष्ट्राभिमान तेव्हा ऐन भरात होता. अशा वेळी १९०१ मध्ये गेओर्ग डेहिओ या कलेतिहासकाराने विरोधाची पुस्तिका लिहिली. त्याचं म्हणणं होतं : जतन करा, नव्याने घडवू नका, कारण अंदाजाने घडवलेला भाग खऱ्यालाही संशयास्पद करून टाकतो. त्याच्यावर टीका झाली, पण ओटहाइनरिखची इमारत आजही बिनछपराचीच आहे, आणि लोक ती बघायला लोटतात. आपला इतिहास आपल्याला कमी प्रिय आहे म्हणून डेहिओ अडून बसला, असं कोण म्हणेल?

अडचण पावसाचीही आहे. घाटमाथ्यालगतच्या पासलीच्या बाजूला जुन्या घराची शाकारणी एक वर्ष चुकली तरी वासे धरत नाहीत. झडीच्या अंगाची कुडाची भिंत दरसाल लिंपावी लागते. घरात माणूस नांदतो म्हणून हे होतं. गडमाथ्यावरच्या रिकाम्या वाड्याची शाकारणी दरवर्षी कोण करणार? सागवान आणि विटा वर चढवण्याआधी हा प्रश्न सुटला पाहिजे.

सामान्य माणसाला जोत्यावरून काही कळत नाही, हा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. लहान मुलाला दगडांची ओळ दाखवून राजवाडा समजावणं अवघड आहे. पण त्यावर उपाय गडाखाली आहे. गुंजवणे किंवा पाली गावात मोजमापाची प्रतिकृती उभी करावी. तिच्यात पुराव्याचा भाग एका रंगात आणि तर्काचा दुसऱ्या रंगात दाखवावा. चुकलं तर बदलता येईल, गडाला धक्का न लावता.

दरम्यान, वर करण्यासारखं काम भरपूर आहे. संजीवनी माचीच्या दुहेरी तटाचंच बघा. आतला तट, बाहेरचं चिलखत आणि मधली चिंचोळी जागा. त्या फटीत उतरणाऱ्या अरुंद पायऱ्यांच्या वाटेने एका वेळी एकच माणूस खाली जाऊ शकतो. चिलखत पडलं तरी शत्रू त्या सापटीत अडकतो आणि वरून मारा होतो. या फटींत माती भरते, झुडपांची मुळं दगड सारतात. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा मानलं, त्यांत राजगड आहे. राज्य पुरातत्त्व खात्याचा तो संरक्षित गड आहे. वाड्यासाठी निधी मागणाऱ्यांनी आधी जोत्याची दगडागणिक मोजणी, पन्हळींची सफाई आणि संजीवनीच्या तटातली झुडपं काढण्याचं काम मागावं. ते पुढच्या पावसाळ्याआधी सुरू होऊ शकतं.