बाहुली, गोणपाट आणि आपले संशोधन

'लहान मुलांना जात कळत नाही, तुम्हीच ती त्यांच्या डोक्यात भरता,' हा आरोप आंबेडकरी कार्यकर्त्यांना नवा नाही. विद्यापीठीय संशोधनाने या आरोपाला केव्हाच उत्तर दिले आहे. ते आपल्याला पाठ हवे.

१९३९ साली अमेरिकेतील हॉवर्ड विद्यापीठात मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय विद्यार्थिनीने शाळेत जाण्याआधीच्या वयातील कृष्णवर्णीय मुलांच्या आत्मभानावर प्रबंध लिहिला. पुढे त्यांनी व पती केनेथ यांनी कोलंबिया विद्यापीठातून मानसशास्त्राची डॉक्टरेट घेतली. तेच कोलंबिया, जिथे १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब शिकले. या दांपत्याने तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांसमोर गोऱ्या आणि सावळ्या बाहुल्या ठेवल्या. रंग सोडला तर सगळ्या सारख्याच. खेळायला बहुतेकांनी गोरी बाहुली मागितली. आपल्याच रंगाची बाहुली ५९ टक्के मुलांना वाईट वाटली!

१९५४ च्या 'ब्राऊन' खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. त्या निकालाच्या तळटीपेत केनेथ क्लार्क यांच्या कामाचा आधार आहे. मानसशास्त्र कायद्याच्या कामी आले ते असे.

पण यातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. उत्तरेकडच्या मिश्र शाळांतील मुलांनाही गोऱ्या बाहुलीची ओढ होतीच. म्हणजे नुसता प्रवेश मिळाल्याने समता येत नाही. बाबासाहेबांनाही साताऱ्याच्या शाळेत प्रवेश होता. तरी बसायला घरून आणलेले गोणपाट, आणि शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. दार उघडे, माणूस बाहेरच.

मग आपली मुले मुळातच कमी पडतात का? कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातील सहावी-सातवीच्या ६४२ मुलांना चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नाही, तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांची कामगिरी जवळपास सारखीच होती. सर्वांसमोर जात पुकारली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी घसरली. मुले तीच, बुद्धी तीच. बदलले होते ते भोवतालचे वातावरण. गुणवत्तेच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

मित्रांनो, क्लार्क दांपत्य ज्या मुलांचा अभ्यास करत होते, त्याच समाजातून ते आले होते. म्हणूनच नेमका प्रश्न त्यांना सुचला. आपल्या बालपणाचा अभ्यास दुसऱ्यांनी करायचा आणि आपण फक्त नमुन्यातला आकडा व्हायचे, हे किती दिवस चालणार? मानसशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र, कायदा, कोणत्याही विभागात असा. वस्तीतल्या, आश्रमशाळेतल्या, वसतिगृहातल्या मुलाला आपला संशोधनविषय करा. बाबासाहेबांनी 'शिका' म्हटले, त्यात हेही शिकणे आले.

जय भीम!