मुलींची सभा आणि आपला इतिहास

शाळेत मीना-राजू मंचाची सभा असली की काही आया विचारतात, "अभ्यास सोडून पोरींना सभा कशाला?" प्रश्न रास्त आहे. घरात पाणी भरायचं असतं, धाकटं भावंड सांभाळायचं असतं, कापूस वेचणीचे दिवस असतात. म्हणून आज आपण थोडं मागं जाऊन बघू, की शाळकरी पोरांनी एकत्र बसून आजवर काय केलं.

१८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी एक सभा काढली. तिथं निबंध वाचायचे आणि त्यावर वाद घालायचा. पण नुसतं बोलून त्यांचं भागलं नाही. पुढच्याच वर्षी, १८४९ मध्ये, या सभेनं मुलींच्या शाळा सुरू केल्या. सभेतले तरुण आपला वेळ काढून तिथं फुकट शिकवत. दादाभाई नौरोजी त्यांच्यातलेच. इकडे पुण्यात सावित्रीबाई आणि जोतिरावांच्या शाळेतली मुक्ता साळवे ही मांग समाजातली मुलगी. तिनं महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ साली तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. शाळेनं तिला अक्षरं दिली, आणि आपलं म्हणणं चारचौघांत मांडायची जागाही दिली.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. निजामाच्या राज्यात मराठवाड्यातल्या पोरांना वरचं शिक्षण उर्दूतून घ्यावं लागे. सभा घ्यायची तर सरकारची परवानगी लागे. अशा दिवसांत १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, ते आपल्या तालुक्याच्या गावी, परतूरला. अध्यक्ष होते गोविंदराव नानल. तेव्हा परतूर परभणी जिल्ह्यात होतं. जालना जिल्हा झाला तो १९८१ साली. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, औरंगाबादच्या कॉलेजातल्या वसतिगृहात मुलांनी 'वंदे मातरम्' म्हणायचा आग्रह धरला. हे लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत गेलं. कितीतरी मुलांना काढून टाकलं, आणि त्यांतल्या पुष्कळांना नागपूर विद्यापीठानं जवळ केलं. त्या पिढीतून हैदराबाद मुक्तिसंग्रामाला कार्यकर्ते मिळाले. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मोकळे झालो, त्यात या पोरांचाही वाटा आहे.

यातून आम्हाला एक गोष्ट दिसते. धीर काही पुस्तकातून पाठ करून येत नाही. सोबतीला चारजणी असल्या, अंगावर खरं काम पडलं आणि आपल्या बोलण्याला कुणी किंमत दिली, की तो येतो.

आजचा मीना-राजू मंच याच वाटेवरचा आहे. मीना ही युनिसेफनं नव्वदच्या दशकात दक्षिण आशियातल्या मुलींसाठी घडवलेली चित्रकथेतली मुलगी. राजू तिचा भाऊ, मिठू तिचा पोपट. चित्रकार राम मोहन यांनी तिला रूप दिलं. मंचात मुली आणि मुलं दोघंही असतात. शाळेत न येणाऱ्या मैत्रिणीच्या घरी जायचं, स्वच्छतागृहाची अडचण गुरुजींपुढे मांडायची, पाळीबद्दल न लाजता बोलायचं, ही तिथली कामं. भांडण झालं तर दोन्ही बाजू ऐकून निकाल करायचा. पुढारपण यालाच म्हणायचं.

यात पणाला काय लागलं आहे, तेही सांगतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या राज्यात २० ते २४ वयाच्या दर शंभर बायांमागे सुमारे बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. ऊसतोडीला जाताना पोरगी मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची, या काळजीनं घाईत लग्न उरकतात. आईबापाची काळजी खरी आहे, पण तिचं ओझं पोरीनं का वाहायचं? अशा वेळी "मला शिकायचंय" एवढं म्हणायला धीर लागतो, आणि तो मैत्रिणींच्या सभेत आधी सरावलेला असावा लागतो. गावात बालविवाह रोखायची जबाबदारी कायद्यानं ग्रामसेवकाची आहे, आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा फोन आहे. हे दोन्ही मुलींना तोंडपाठ हवं.

मात्र मंच नुसता वहीत असून भागत नाही. दर वेळी त्याच हुशार दोघीजणी बोलल्या, तर बाकीच्या ऐकणाऱ्याच राहतात. अध्यक्ष आळीपाळीनं व्हावी. वस्तीवरची, मागच्या बाकावरची, ऊसतोडीहून परतलेली पोरगीही त्यात यावी. आणि पोरी सभेला गेल्या तर एक हंडा पाणी भावानं आणावं.

मैत्रिणींनो, आज पोरगी शाळेतून आली की दोनच गोष्टी विचारा: आज सभेत काय ठरलं, आणि तू काय बोललीस? आणि ती सांगेल ते पुरतं ऐकून घ्या.